शेवटच्या कडव्यातलं नाव

भाद्रपद वद्य पंचमी, शके १८५१

गुणाजीस,

वर आशीर्वाद लिहायचा की नुसता रामराम, यावरून सकाळीच चुलीपाशी भांडण झालं. मी म्हटलं, जो गौरीला गावात येत नाही त्याला कसला आशीर्वाद? तुझी बहीण भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "माझ्या भावाला आशीर्वाद न्हाय, तर तुम्हांला भाकर न्हाय." तेव्हा आशीर्वाद. भाकरीपायी दिलेला आहे, एवढं लक्षात ठेव.

शेजारचा सदा मुंबईच्या गिरणीतून रजा घेऊन आला. पाय धुवायच्या आधी तुझं कौतुक सुरू. काय तर म्हणे, गुणाजीशाहिराने परळच्या नाचात समोरच्या फडाची, शक्तीवाल्यांची, बोलती बंद केली, त्यांच्या सवालाला उभ्या उभ्या जवाब जोडला, लोकांनी फेटे उडवले. मी सुपारी कातरत होतो. अडकित्ता बोटाला लागला. अरे, इथे दर गौरीला आपल्या तुरेवाल्यांच्या बाजूने मीच बसतो, नाचणाऱ्या पोरांच्या पायांतले चाळ तुटेस्तोवर गातो. तेव्हा गाव काय म्हणतं ठाऊक आहे? "धर्मा, आवर आता, गुरं हंबरायला लागली." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नव्हे.

पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या दुसऱ्याच गोष्टीने. सदाने तुझं गाणं म्हणून दाखवलं. आवाज फुटक्या मडक्याचा, तरी शब्द कळले. शेवटच्या कडव्यात आलं, 'गुणाजी म्हणे.' गुणाजी म्हणे! वा रे शहाण्या! आपल्या घराण्याचा नियम तुला नव्याने सांगू काय? बुवा आपल्या हाताने डफाचा तुरा सोडून चेल्याला देत नाहीत, तोवर चेल्याने शेवटच्या कडव्यात गुरूचंच नाव घालायचं. गाणं आपलं, नाव अंबाजीबुवांचं. ज्याला तुरा मिळेल त्यानेच स्वतःचं नाव घालायचं, त्यानेच गौरीपुढे पहिला गण म्हणायचा. वीस वर्षं मी गाणी जोडतोय. एकातही 'धर्माजी' नाही. गाव ती बुवांचीच समजतं. मी कधी तक्रार केली? नाही केली. मनात केली असेल, ती वेगळी.

आपण दोघे एकाच पडवीत बसून शिकलो. बुवांचे डोळे गेल्यापासून ते माझ्याकडेच आहेत. त्यांची अंघोळ, त्यांचं पान, त्यांचा खोकला, सगळं माझ्या वाट्याला. तुझ्या वाट्याला परळ. तुझा हा पराक्रम मी बुवांच्या कानावर घातला. वाटलं, खवळतील. तर म्हातारा हसला. म्हणाला, "घातलं व्हय नाव? चाल कंची हाय?"

चाल कंची हाय, म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांना दिसतंय कुठे.

पुढल्या गौरीला तुरा देणार, असं बुवांनी गावकाराच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलंय. कुणाला ते सांगितलं नाही. गाव माझ्याकडे बघतं आणि मग मुंबईच्या वाटेकडे बघतं. यायचं तर नीट वाग आणि मग ये.

धर्माजी

*

माघ शुद्ध द्वितीया, शके १८५१

गुणाजीस आशीर्वाद. (या खेपेला भांडण नाही. भाकरी आधीच खाल्ली.)

तुझं पत्र पोचलं. लिहितोस, "भावोजी, इथे अंबाजीबुवा कोण हे कुणाला ठाऊक? लोक विचारतात, गाणारा कोण? मग त्याचंच नाव सांगायला नको काय?" वकिली चांगली आहे. उद्या म्हणशील, मुंबईत आईबाप कुणाला ठाऊक, म्हणून तेही बदलतो. ठाऊक नाही म्हणूनच सांगायचं असतं, मूर्खा. देवाला दिवा दाखवतो तो देवाला दिसत नाही म्हणून नव्हे, लोकांना देव दिसावा म्हणून.

बुवांसाठी पाठवलेला लोकरीचा गळपट्टा पोचला. तो आल्यापासून म्हातारा गळ्यातून काढत नाही. दुपारच्या उन्हातसुद्धा. घाम येतो, मान खाजवतात, तरी नाही. कुणी पडवीत आलं की, "बघ, गुणानं पाठवलाय." मी दर आठवड्याला तळ्याच्या बाजारातून त्यांची पानं आणतो, कोवळी, देठ खुडून. एकदा तरी कुणाला म्हणाले का, बघ, धर्मानं आणलीत? पान चघळतात आणि तुझा गळपट्टा दाखवतात. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

बाकी हाल विचारशील तर, वानरांनी वाल खाल्ला. मृदंगाची शाई उडाली आणि ती लावणारा माणूस अलिबागेकडे लग्नाला गेलाय, तो पुढच्या लग्नापर्यंत काही येत नाही. सदाने चहाची पूड ठेवून दिली, तर तुझ्या बहिणीला आता सकाळी चहाच लागतो. गूळ संपला की माझ्यावर डोळे वटारते. आणि खोताने खादीची टोपी घातली. देशासाठी म्हणे. बरं वाटलं. मग खळ्यावर भाताचा वाटा मोजायला आला तर पायली तीच, हात तोच, वर टोपी तेवढी पांढरी. मी म्हटलं, खोत, टोपी नवी आणि माप जुनंच? त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. यावर तू गाणं करशील. करू नकोस. हे आधी मी पाहिलंय.

तुझी बहीण उखळाशी काय गुणगुणते ते लिहिणार नव्हतो. तुझंच. मुसळ माझ्या भाताचं आणि गाणं तुझं.

धर्माजी

*

वैशाख शुद्ध नवमी, शके १८५२

गुणाजीस, तुरुंगाच्या पत्त्यावर.

हे पत्र आधी जेलरसाहेब वाचतील असं सदा म्हणतो. तेव्हा साहेबांना पहिला रामराम. साहेब, यात राजकारण नाही, घरचं आहे. मन घट्ट करून वाचावं.

तू मीठ उकळलंस, गाणं म्हटलंस, आणि सहा महिने आत गेलास, हे कळलं. त्याआधी तुझं गाणंच येऊन पोचलं. कसं आलं कोण जाणे, बोटीने आलं असेल. 'दारामधी दर्या माझ्या, ताटामधी अळणी भात, सांग सायबा, मिठावरती कुणी रं ठेवला हात?' गुराखी म्हणतात, नदीवर बायका म्हणतात. खोताचा गडीसुद्धा म्हणतो, फक्त खोत पुढे गेला की.

खरं सांगू? मला तुझ्या तुरुंगाचासुद्धा हेवा वाटला. लाज वाटते लिहायला, पण वाटला. सगळा गाव तुझ्या बहिणीला भेटायला आला. गावकार स्वतः आला, नारळ घेऊन. म्हणाला, "आपल्या मातीतला पोरगा." मी शेजारीच उभा होतो, मी काय दगडातला आहे? मीही एकदा पोलिसाशी भांडलो होतो, गुरं कोंडवाड्यात घातली तेव्हा. त्याने मला "जा रे घरी" म्हटलं. तुरुंगात जायलाही नशीब लागतं.

आणि मी एक विचारतो, रागावू नकोस. माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचं गाणं चांगलं होतं का? तुझ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला मात्रा कमी पडते. ती ओढून म्हणावी लागते. मी हे बोललो तर तुझी बहीण म्हणाली, "तुमच्या गाण्यात मात्रा समद्या असत्यात. म्हणून तर कुणी म्हणत न्हाय." असं तोंडावर बोलते ही बाई!

बुवा हट्ट धरून बसलेत. म्हणतात, "धर्मा, गुणाचं मिठाचं गाणं म्हण. तूच म्हणशील नीट." मी सांगितलं, मला येत नाही.

प्रकृतीला जप. तिथलं जेवण अळणी आहे असं ऐकतो.

धर्माजी

*

आषाढ वद्य चतुर्थी, शके १८५२

गुणाजीस आशीर्वाद.

भातलावणीचे दिवस. कंबर मोडली आहे, घोंगडी वाळत नाही, बोटं चिखलाने फुटलीत. त्यात बुवांनी अंथरूण धरलं. ताप येतो, उतरतो. मध्येच भान सुटतं. शुद्धीवर आले की पहिला सवाल, "गुणा सुटला?" मी सांगतो, अजून नाही बुवा. "गुणाचं गाणं म्हण." मला येत नाही बुवा. "मग धर्मा कुठं हाय?" मीच धर्मा, बुवा. "असं व्हय."

असं व्हय! बस्स, एवढंच.

आता ऐक, आणि हे कुणाला बोलू नकोस. मी गण जोडलाय. यंदाच्या गौरीसाठी. शेतात वाकलो की एक एक ओळ येते, रोप चिखलात लागतं तशी लागून जाते. आजवर मी असं कधी जोडलं नाही. आधी मात्रा मोजायचो आणि मग शब्द शोधायचो. हा गण तसा आला नाही. 'गवर आली माहेराला, पाय भिजले बांधाला, कोण पुसंल पाय तिचे, कोण हाय गं घराला?' पुढलं लिहीत नाही. तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हे. पण लिहीत नाही.

शेवटचं कडवं तयार आहे, फक्त नावाची जागा मोकळी सोडली आहे. मनात मात्र रोज भरून बघतो. बांधावर कुणी नसलं की मोठ्याने म्हणतो, 'धर्माजी म्हणे.' स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून चालीवर ऐकलं की कसं वाटतं, ते तुला गेल्या वर्षीच कळलं. मला या वयात कळतंय, तेही बगळ्यांसमोर.

तुरा मला मिळायला हवा, गुणाजी. उघडच लिहितो. तुझ्याकडे परळ आहे, फेटे उडवणारी माणसं आहेत, तुरुंग आहे. मला ती एक ओळ हवी. बुवांना गण ऐकवीन म्हणतो, पण ते शुद्धीवर असले की तुझंच काढतात.

धर्माजी

*

श्रावण वद्य द्वितीया, शके १८५२

गुणाजीस आशीर्वाद.

बुवा गेले. दुपारी गेले, शांतपणे. तुझा गळपट्टा गळ्यात होता. तो तसाच ठेवला. अग्नी मी दिला.

तुरा त्यांनी आदल्या दिवशी आपल्या हाताने दिला. माझ्या हातात दिला. यातलं एक अक्षरही खोटं नाही. गावालाही मी तसंच सांगितलं आणि गावाने मान डोलावली.

तुझी बहीण माझ्याशी बोलत नाही. भाकरी पुढ्यात ठेवते आणि निघून जाते. बुवांच्या जाण्याचं दुःख असेल.

जास्त लिहायला वेळ नाही. गौरी तोंडावर आल्या.

धर्माजी

*

भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८५२

गुणा,

काल गौरी बोळवल्या. आज नदीवरून आलो आणि हे लिहायला बसलो. मागच्या पत्रात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे खरं. पण अर्धी अक्षरं लिहिलीच नव्हती. ती आता लिहितो.

तुरा दिला त्या दिवशी मी शेतावरून लवकर परतलो. घोंगडी अजून अंगावरच होती. बुवा तापात होते, गाणं मागत होते. तुझ्या बहिणीला राहवलं नाही, तिने तुझं मिठाचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला चढायचं तिथे ती उतरली. नेहमीच उतरते. गुणा, मला तुझं गाणं ऐकायचं नव्हतं, पण वाकडं म्हटलेलं तर मुळीच ऐकवेना. मी दारातूनच ती ओळ नीट म्हटली. मग पुढची. मग सगळं. मला येत होतं रे. पहिल्या दिवसापासून येत होतं. मात्रा कमी पडते तिथे आवाज कसा ओढायचा, तेही आपोआप जमलं. म्हणता म्हणता शेवटच्या कडव्याला पोचलो आणि तुझ्या गाण्यात आहे तसंच तोंडून गेलं, 'गुणाजी म्हणे.'

बुवा उठून बसले. कित्येक दिवसांत त्यांना उठता आलं नव्हतं. हात पुढे करून म्हणाले, "गुणा! सुटलास रं?"

तुझी बहीण माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. पण त्यांच्या तोंडावर जे आलं होतं, ते मी इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय बुवा. सुटलो."

"धर्मा कुठं हाय?"

"शेतावर."

"बरं झालं. मंग आत्ताच घे. त्याच्या म्होरं दिला तर त्याला लागंल." त्यांनी चाचपडत डफ जवळ ओढला आणि तुऱ्याची गाठ सोडायला लागले. "लय केलं त्यानं माझं. पोटच्या पोरानं केलं नसतं. त्याला दुखवू नगंस."

तिथे गप्प बसावं की नाही? पण माझा स्वभाव! मी विचारलं. तुझ्या तोंडाने विचारलं, "बुवा, धर्माचं गाणं कसं हाय?"

तुऱ्याची गाठ बुवांनी सोडवली. "नीट हाय," म्हणाले. "मापात हाय. कुठं चुकत न्हाय. तुजं चुकतं, पर माणसाला जागं करतं." आणि तुरा माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. माझा गण त्यांनी ऐकलाच नाही.

मी ठरवलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. तुरा माझ्या हातात दिला, पुरे. बुवांचं भान नव्हतं, मी वीस वर्षं सेवा केली, माझा हक्क आहे, तू दूर आहेस, तुला कशाला हवाय तुरा, तुला तर आधीच नाव आहे. रात्रंदिवस हीच वकिली स्वतःशी. तुझी बहीण इतक्या दिवसांत एकदाच बोलली. गौरी घरात आणली त्या सांजेला. म्हणाली, "गावाशी काय बोलायचं ते बोला. गवरीम्होरं खोटं बोलू नका."

पूजेच्या दिवशी तिन्हीसांजेला गावकाराच्या अंगणात मी बसलो. डफाला तुरा बांधलेला. पोरांनी पायात चाळ बांधले, फेर धरला. सगळा गाव बसला होता, सदा मुंबईहून आला होता, खोतसुद्धा आला, टोपीसकट. मी गण सुरू केला. गुणा, काय सांगू? दुसऱ्या कडव्यालाच कुजबुज थांबली. गौर विचारते, पडवीतला म्हातारा कुठे गेला, त्याच्या पानाचा डबा असा उघडा का, हे कडवं मी बुवा गेल्यावर जोडलं होतं. तिथे बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नाचणाऱ्या पोरांचे पाय आपोआप हळू पडायला लागले. गावकार खांबाला टेकून उभा होता, तो खाली बसला. कुणी म्हणालं नाही की गुरं हंबरतात. मी गात होतो आणि मला कळत होतं की आज माणसं जागी झालीत. माझ्या गाण्याने. माझ्या!

आणि मग शेवटचं कडवं आलं. तोंड उघडलं होतं ते 'धर्माजी' म्हणायलाच. देवाशपथ सांगतो. दोन्ही नावं तीन अक्षरांची, कुठलंही बसतं. समोर गौर होती, तिच्यामागे तुझी बहीण उभी होती. डफावर तुरा हलत होता आणि तो ज्याच्या हातात बुवांनी दिला, तो मी नव्हतो. तुरा ज्याचा, नाव त्याचं. हा नियम मीच तुला शिकवत होतो ना? मी म्हटलं, 'गुणाजी म्हणे.'

मग अंगण असं उसळलं की काय सांगू. "वा रं गुणाजी!" पोरांनी फेटे उडवले. सदा रडत होता. गावकार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पोरगं तुरुंगात बसून असला गण जोडतंय, म्हंजे काय खायचं काम हाय? धर्मा, तू बी झ्याक म्हटलास हां."

मी बी झ्याक म्हटला.

घरी आल्यावर तुझ्या बहिणीने माझे पाय धुवायला पाणी दिलं. इतक्या दिवसांनी बोलली, "जेवा." तिला ठाऊक आहे. पण ती तुझी बहीण आणि माझी बायको, तिचं कोण ऐकणार? आज सकाळी नदीवर बायका माझा गण म्हणत होत्या, गुणाजीचा गण म्हणून. सदाने तो पाठ केला आणि मुंबईला निघाला. तू सुटशील तेव्हा परळमध्ये लोक तुझ्या गळ्यात हार घालतील आणि तो गण मागतील. तुला येणारही नाही.

तुरा डफासकट खुंटीवर आहे. तुझा आहे. मी त्याला हात लावत नाही. सुटलास की परळला जाऊ नकोस. आधी इथे ये, गावकाराच्या अंगणात उभा राहा आणि सगळ्या गावासमोर सांग की तो गण तुझा नाही, धर्माजीचा आहे. मी सांगून उपयोग नाही, गुणा. मी सांगितलं तर गाव म्हणेल, धर्मा जळतोय.

धर्माजी